पूर्व युरोपात जीडीपी वाढला आणि कार्बन घटला, तो नेमका कशामुळे?

मृण्मयी_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाला विषय घेतलाय तो असा: सरकारी नियोजन सोडून बाजाराकडे वळलेल्या देशांत वीजनिर्मिती, आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो. मुख्य उदाहरण पोलंडचं आहे. आमच्याकडे वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, आजीकडून त्यांच्याबद्दल खूप ऐकलंय, म्हणून त्या देशाची ओढ आधीपासूनच होती.

आता अडचण सांगते. तक्ता मांडला की चित्र फारच छान दिसतं. 1988 साली पोलंडचा कार्बन डायऑक्साइड साधारण 47 कोटी टन होता, 2023 साली 28 कोटींच्या आसपास. तेवढ्याच काळात महागाई वजा जाता जीडीपी तिपटीच्या जवळ गेला. पाठ्यपुस्तकातला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र म्हणजे हेच ना? देश गरीब असताना प्रदूषण चढतं, पुरेशी श्रीमंती आली की उतरतं. सात-आठ देश एकत्र घेऊन आलेख काढला तर उलटा यू बऱ्यापैकी दिसतोही. मार्गदर्शक म्हणतात, निष्कर्ष समोर आहे, लिहून टाक.

माझं मन मात्र मानत नाही. 2015 सालीसुद्धा पोलंडची 80 टक्के वीज कोळशावरच होती. विजेचं इंधन बदललंच नाही, तर इतका कार्बन गेला कुठे? आणि तो वाढीमुळे गेला असं म्हणायला खरंच काही आधार आहे का? तिकडे राहिलेलं किंवा या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

चंद्रपूरकर_कातोवित्से:

मृण्मयी, शंका रास्त आहे, ती सोडू नका. मी गेली बरीच वर्षं पोलंडच्या कोळसा पट्ट्यातल्या कातोवित्सेला आहे, शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या जाळ्याच्या देखभालीत काम करतो. मूळचा चंद्रपूरचा, वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते. कोळसा बंद होणं हा माझ्यासाठी नुसता आकड्यांचा विषय नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, 1988 ते 2023 ही एकच रेघ ओढू नका. मध्ये 1990 घाला. त्या वर्षी पोलंडचा कार्बन 37-38 कोटी टन होता. म्हणजे तुमच्या तक्त्यात जी 19 कोटींची घट दिसते, तिच्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या दोन वर्षांतच झाली! तेव्हा इथे ना पवनचक्की होती ना सौर पॅनल. देश कोसळत होता. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री लेशेक बाल्सेरोविच यांचा कार्यक्रम लागू झाला. अनुदानं काढली, कोळसा, वीज आणि उष्णतेचे दर एका फटक्यात काही पटींनी चढले, सोव्हिएत बाजार तुटला. 1990 आणि 91 या दोन वर्षांत जीडीपी खाली गेला, पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या थंड पडल्या. कार्बन कमी झाला तो लोकांचं काम गेलं म्हणून. त्याला वाढीचं फळ म्हणणं म्हणजे त्या लोकांवर अन्याय आहे.

यात एक मेख आहे, ती प्रबंधात जरूर घ्या. उत्सर्जन घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो करारात बहुतेक देशांची कपात 1990 या पायाभूत वर्षापासून मोजायची होती, पण संक्रमणातल्या, म्हणजे नियोजन सोडून बाजाराकडे निघालेल्या देशांना वेगळं वर्ष निवडायची मुभा होती. पोलंड आणि बल्गेरियाने 1988 घेतलं, रुमानियाने 1989, हंगेरीने 1985 ते 87 ची सरासरी, स्लोव्हेनियाने 1986. म्हणजे सगळ्यांनी घसरणीच्या आधीचा उंच टप्पा धरला. पोलंडला 6 टक्के कपात करायची होती, ती करार व्हायच्या आधीच कितीतरी पटींनी होऊन गेलेली. उत्सर्जनाची जी मुभा वापरलीच गेली नाही, तो उरलेला कोटा पुढे पैसे घेऊन दुसऱ्या देशांना विकलाही. रशिया आणि युक्रेनकडे असा कोटा याहून प्रचंड होता. त्यामुळे तुमच्या तक्त्यात 1988 का आलं, हे आधी तपासा. सरकारी कागदांत तेच वर्ष छापलेलं असतं, म्हणून ते आपोआप उचललं जातं.

आता मधला काळ, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. 1990 ला 37-38 कोटी टन, 2000 ला 31-32, आणि 2018 ला पुन्हा 33 च्या आसपास. त्याच वेळी जीडीपी अडीच पटीच्या वर. वीजनिर्मिती 1990 साली सुमारे 136 अब्ज युनिट होती, 2019 साली 160 अब्जांच्या थोडी पुढे. अर्थव्यवस्था एवढी वाढली आणि वीज फक्त पाचव्या हिश्श्याने वाढली, इंधन जवळजवळ तेच. मग फरक कुठे पडला? माझं उत्तर असं की वीजकेंद्रांत फार कमी पडला, वीज आणि उष्णता जिथे खर्च होते तिथे पडला.

मी रोज जे बघतो त्यावरून सांगतो. इथल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या स्लॅबच्या इमारतींत प्रत्येक खोलीत खिडकीखाली ओतीव लोखंडाचा रेडिएटर असतो. शहराच्या केंद्रातून गरम पाणी येतं, त्यात फिरतं आणि परत जातं. साम्यवादी काळात या रेडिएटरना धड चालणारा व्हॉल्व्ह नसायचा, आणि बिल घराच्या चौरस मीटरवर यायचं. खोली तापली तर बाहेर उणे दहा असतानाही लोक खिडकी उघडायचे. दुसरा उपायच नव्हता. शेजारची एक आजीबाई मला सांगते की हिवाळ्यात रस्त्यावरून बघितलं तर अख्ख्या इमारतीच्या खिडक्या किलकिल्या दिसायच्या. खाणीतून काढलेला, बॉयलरमध्ये जाळलेला कोळसा असा थेट आभाळ तापवत होता.

नव्वदच्या दशकात हे टप्प्याटप्प्याने बदललं. उष्णतेचं अनुदान गेलं. इमारतीच्या तळघरात मीटर बसला. रेडिएटरवर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह आला, आणि शेजारी बोटभर उंचीचा एक छोटा डबा. त्यात काचेची बारीक नळी, नळीत रंगीत द्रव. रेडिएटर जितका तापेल तितका द्रव उडतो, वर्षाअखेर माणूस येऊन रेघ वाचतो, आणि इमारतीचं बिल त्या हिशोबाने घरोघर वाटलं जातं. जुन्या घरांत हे डबे मी अजूनही पाहतो. 1998 च्या डिसेंबरात घरं उष्णतारोधक करण्याचा कायदा झाला. बँकेचं कर्ज काढून भिंतींना थर्माकोलचे जाड थर लावायचे, खिडक्या बदलायच्या, आणि कर्जाचा चौथा हिस्सा सरकार फेडणार. आज कातोवित्सेत फिरलात तर या इमारती पिस्ता, पीच, फिक्कट पिवळ्या अशा रंगांत दिसतील. तो रंग त्या थर्माकोलवरच्या गिलाव्याचा आहे. एका इमारतीला असं आवरण चढलं की तिला लागणारी उष्णता किती उतरते, हे मला तळघरातल्या मीटरवर दिसतं. त्या मीटरमागे कोळसाच आहे, फक्त कमी.

कारखान्यांतही हेच. पोलादाच्या जुन्या ओपन हार्थ भट्ट्या गेल्या, सिमेंटची ओली प्रक्रिया जाऊन कोरडी आली. दर खरा झाल्यावर उधळपट्टी परवडेना. नियोजनाच्या काळात कारखान्याच्या व्यवस्थापकाला टनांचं लक्ष्य असायचं, वीज किती लागली हे विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून म्हणतो, हा मधला टप्पा "श्रीमंती आली म्हणून स्वच्छता आली" असा नाही. मोजणी आणि दर आले म्हणून नासाडी थांबली. आणि नासाडी एकदाच थांबवता येते. म्हणूनच 2000 नंतर जवळपास वीस वर्षं आकडा जागचा हलला नाही. थांबवण्याजोगी नासाडी संपली, कोळसा तसाच राहिला.

तिसरा टप्पा अगदी अलीकडचा. वीजनिर्मिती स्वतः बदलली ती आत्ता. कोळशाचा वाटा 2015 ला 80 टक्के होता, 2024 ला 57 च्या आसपास आला. कारण युरोपियन युनियनचा कार्बन परवाना, म्हणजे प्रत्येक टन उत्सर्जनामागे केंद्राने द्यायचा परवाना. पोलंड 2004 साली युनियनमध्ये गेलं, परवान्यांचा बाजार 2005 ला सुरू झाला, पण बरीच वर्षं एका टनाचा भाव दहा युरोंच्या आतबाहेर. शिवाय वीजकंपन्यांना काही परवाने फुकट. 2018 नंतर भाव चढला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये शंभर युरोला लागला. आता बेउखातुवचं उदाहरण घ्या. लिग्नाइटवर, म्हणजे हलक्या तपकिरी कोळशावर चालणारं 5000 मेगावॉटच्या वरचं केंद्र, युरोपातलं सगळ्यात मोठं, बरीच वर्षं एकट्याचंच वर्षाला 3 कोटी टनांहून जास्त उत्सर्जन. लिग्नाइटच्या एका युनिटमागे साधारण 1.1 किलो कार्बन डायऑक्साइड. टनाला 80 युरो धरले तर एका युनिटवर नुसत्या कार्बनचे जवळपास 8 रुपये. कोळसा, पगार, देखभाल सगळं त्यावर. कुठलं केंद्र टिकेल?

त्याच सुमारास सौर पॅनल धडाधड बसले. 2018 अखेर इथे एक गिगावॉटही नव्हतं, 2024 अखेर वीसच्या पुढे. त्यातली खूप पॅनल लोकांच्या घरांवर आहेत, 2019 पासून सरकारने त्यासाठी पैसे दिले. वाऱ्याचं मात्र याच सरकारांनी नुकसान केलं. 2016 च्या नियमाप्रमाणे पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतरात घर असेल तर ती उभारायची नाही. दाट वस्तीच्या देशात अशी जागा मिळणार कुठे? सात वर्षं गेली, 2023 ला अंतर 700 मीटरवर आणलं. ती सात वर्षं वाया गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडक्यात, तुमच्या एका रेघेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींची कारणं वेगळी.

औष्णिक_निवृत्त:

वरचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी महाराष्ट्रातल्या औष्णिक केंद्रांत बॉयलर विभागात आयुष्य काढलं, निवृत्त होऊन नागपुरात असतो. दोन गोष्टी जोडतो.

मृण्मयी, धूर आणि कार्बन यांची गल्लत करू नकोस. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांच्या सीमेवरच्या पट्ट्याला ऐंशीच्या दशकात काळा त्रिकोण म्हणत. तिथल्या लिग्नाइट केंद्रांच्या गंधकाने आम्लपाऊस पडून डोंगरांवरची स्प्रूसची जंगलं उभीच्या उभी वाळली. पुढे या केंद्रांना गंधक काढणारी संयंत्रं लागली; त्या पट्ट्याबाहेरच्या, मध्य पोलंडमधल्या बेउखातुवलाही 1994 पासून. हवा खरोखर सुधारली, जंगलं परत लावली गेली. पण त्या संयंत्राने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. पंप आणि पंखे चालवायला केंद्राची स्वतःचीच थोडी वीज खर्च होते, म्हणजे किंचित वाढतो. पुष्कळ लेखांत "प्रदूषण घटलं" असं मोघम लिहिलेलं असतं. ते गंधकाबद्दल आहे की कार्बनबद्दल हे बघून घे. गंधकाच्या बाबतीत तुझा कुझनेट्स वक्र कदाचित बसेलही, कारण तो गाळता येतो, आणि ज्याला खोकला होतो तोच मतदार असतो.

दुसरं, चंद्रपूरकरांनी ज्या गरम पाण्याच्या जाळ्याचं सांगितलं, त्यात एक तांत्रिक फायदा आहे. आपल्याकडे टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते आणि कोळशातली जवळजवळ निम्मी उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत जाते. तिकडच्या शहरातली बरीच केंद्रं तीच उष्णता घरांना देतात. त्यामुळे हिवाळ्यात इंधनाचा एकूण उपयोग 80 टक्क्यांपर्यंत जातो. याचा अर्थ नुसतं "एका युनिट विजेमागे किती कार्बन" असं काढलंस तर या केंद्रांचा आकडा दिशाभूल करेल. वीज आणि उष्णता यांत कार्बनची वाटणी कशी केली आहे, हे आकडेवारीच्या तळटीपेत असतं. ती वाच.

आकडेमोड_पुणे:

मृण्मयी, मी अर्थमिती शिकवतो. वरच्या दोघांनी कारणं सांगितली, मी तुमच्या आलेखाबद्दल बोलतो.

कुझनेट्स वक्राचा दावा असा असतो की उत्सर्जन हे उत्पन्नाच्या पातळीवर ठरतं. मग एक साधी तपासणी करा. पोलंडचा जीडीपी पडून पुन्हा 1989 च्या पातळीला 1996 च्या सुमारास आला. उत्पन्न तेच, उत्सर्जन मात्र 1989 पेक्षा बरंच खाली. उत्पन्नाच्या एकाच पातळीला उत्सर्जनाचे दोन वेगळे आकडे आले, म्हणजे ते नुसत्या उत्पन्नावर ठरत नाही. पण सात-आठ देशांचे आकडे एकत्र घालून समीकरणात उत्पन्नाच्या वर्गाचं (स्क्वेअरचं) पद टाकलंत की संगणक निमूटपणे उलटा यू काढून देतो. घसरण आणि सावरणं यांचं मिश्रण त्याला तसं दिसतं. 1990-99 आणि 2000 नंतर असे दोन तुकडे वेगळे चालवा, गुणांक किती बदलतात ते बघा. प्रबंधातला सगळ्यात सांगण्याजोगा तक्ता तोच होईल.

जीडीपीच्या आकड्यांचीही काळजी घ्या. 1990 आधी हे देश आपल्यासारखा जीडीपी मोजत नव्हते. त्यांच्या पद्धतीत भौतिक उत्पादन धरायचे, बऱ्याचशा सेवा त्यात येतच नसत. नंतरच्या तज्ज्ञांनी मागे जाऊन अंदाज बांधले. शिवाय कझाकस्तान, युक्रेन हे 1991 पूर्वी स्वतंत्र देशच नव्हते. त्यामुळे ऐंशीच्या दशकातला आकडा दोन दशांशांपर्यंत लिहून मोकळं होऊ नका.

आणि सगळे देश एकाच वेळी कोसळले. एकाची घसरण दुसऱ्याच्या घसरणीपासून स्वतंत्र नाही, त्यामुळे आठ देश म्हणजे आठ स्वतंत्र पुरावे नव्हेत. हे परीक्षक विचारतीलच.

रोखठोक:

एवढा अभ्यास कशाला? युरोपने धुराचे कारखाने चीनला पाठवले आणि आपले हात स्वच्छ करून घेतले. आता आपल्याला शिकवतात.

चंद्रपूरकर_कातोवित्से:

रोखठोक, पश्चिम युरोपच्या काही देशांबद्दल हा मुद्दा बराच लागू आहे. पोलंडला मात्र तो नीट लागत नाही. इथे उलटं झालं, बाहेरच्या कंपन्यांचे कारखाने इकडे आले. तिखीला फियाटच्या गाड्या बनतात, ग्लिवित्सेला ओपेलचा कारखाना 1998 ला सुरू झाला, व्रोत्सवाफजवळ एलजीच्या बॅटऱ्यांचा प्रचंड मोठा कारखाना आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, फर्निचर इथून सगळ्या युरोपात जातं. पोलाद कमी झालं, पण देश कारखान्यांचाच राहिला.

ज्यांचं उत्सर्जन कागदावरून बाहेर गेलं असा देश हवा असेल तर लिथुआनिया बघा. इग्नालिनाचं अणुकेंद्र त्यांची बहुतांश वीज बनवायचं. अणुभट्टी चेर्नोबिलच्याच पद्धतीची, म्हणून युनियनमध्ये येताना ती बंद करायची अट होती. 2009 च्या 31 डिसेंबरला तिथली शेवटची भट्टी बंद केली आणि देश वीज आयात करू लागला. त्या विजेचा कार्बन जिथे ती बनली त्या देशाच्या खात्यात. मृण्मयी, देश निवडाल तेव्हा विजेची आयात-निर्यात हा रकाना ठेवाच.

मृण्मयी_कोल्हापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, गंधकाचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. आकडेमोड सर, काल रात्री दोन तुकडे वेगळे करून पाहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीडीपी आणि उत्सर्जन एकत्र खाली जातात, नंतर जीडीपी चढतो आणि उत्सर्जन जवळजवळ सपाट. उलटा यू दोन्ही तुकड्यांत नाही.

चंद्रपूरकर, अजून दोन प्रश्न. नव्वदच्या घसरणीनंतर सगळेच देश पोलंडसारखे सपाट राहिले का? आणि तुम्ही म्हणालात की लोकांचं काम गेलं म्हणून कार्बन कमी झाला. त्या लोकांचं पुढे काय झालं? माझ्या प्रबंधात त्यांच्यासाठी रकानाच नाहीये.

चंद्रपूरकर_कातोवित्से:

सगळे सपाट नाही राहिले. कझाकस्तान हे तुमचं दुसरं उदाहरण असू द्या. तिथलं उत्सर्जन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निम्म्याच्या आसपास उतरलं होतं. मग तेल आलं, तेंगिझचं क्षेत्र जोरात चाललं, 2000 नंतर वाढीचा दर चांगलाच चढला, आणि त्याबरोबर उत्सर्जनही परत वर गेलं. कारण वीज एकिबास्तुझच्या कोळशावर. उघड्या खाणीतला राखेने भरलेला कोळसा, खाणीच्या शेजारीच केंद्रं, त्यातल्या एकाची चिमणी 419 मीटरहून उंच, जगात सर्वांत उंच. कोळसा इतका स्वस्त की वाचवायचं कारणच पडत नाही. त्यांनी 2013 ला कार्बन परवान्यांचा बाजार सुरूही केला, पण भाव इतका कमी की वीजकेंद्रांना त्याची झळ पोहोचली नाही. पोलंड आणि कझाकस्तान दोघांकडेही वाढ होती, दोघांकडेही कोळसा होता. फरक असा की पोलंडमध्ये उष्णतेचा आणि विजेचा खरा दर लोकांपर्यंत पोहोचला, मीटर बसले, पुढे कार्बनलाही किंमत आली. युक्रेनचं तर दशक सबंध घसरणीतच गेलं, 1999 पर्यंत जीडीपी 1990 च्या निम्म्याहूनही खाली. तिथली कपात कोणालाच नको असलेली होती.

आता दुसरा प्रश्न. तो विचारलात याचा फार आनंद झाला.

पोलंडच्या दगडी कोळशाच्या खाणींत 1990 च्या सुमारास चार लाखांच्या जवळ माणसं होती. आज 80 हजारांच्या आत. उत्पादन 1988 ला 19 कोटी टनांच्या वर, आता 5 कोटींच्या आत. हे दोन प्रकारे झालं आणि दोन्हींतला फरक मी इथे डोळ्यांनी पाहतो.

वाउब्झिख हे नैऋत्येचं खाणशहर. नव्वदच्या दशकात तिथल्या सगळ्या खाणी काही वर्षांत बंद केल्या. दुसरा धंदा नव्हता. कामावरून गेलेले खाणकामगार शहराबाहेरच्या झाडीत फावड्याने उथळ भुयारं खणून, खांब कुठलेतरी लाकडाचे लावून, पोत्यांत कोळसा भरून विकू लागले. पोलिश लोक त्यांना गरिबीची भुयारं म्हणतात. माती कोसळून त्यात माणसं मेली. ज्या कोळशाची देशाला गरज उरली नव्हती तोच कोळसा ही माणसं चुलीपुरता उकरत होती. पुढे विशेष आर्थिक क्षेत्र झालं, 2002 ला टोयोटाचा कारखाना सुरू झाला, शहर हळूहळू सावरलं. मधली वर्षं मात्र ज्यांची गेली त्यांची गेलीच.

सायलेसियात, म्हणजे आमच्याकडे, 1998 ला येझी बुझेक यांच्या सरकारने खाणकामगारांसाठी पॅकेज आणलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असतील तर पगाराचा मोठा हिस्सा घेऊन रजेवर जायचं, तरुण असाल तर एकरकमी पैसे घेऊन कायमचं बाहेर पडायचं. चार वर्षांत लाखभर माणसं खाणीबाहेर आली. सक्ती नव्हती, आणि आजूबाजूला गाड्यांचे कारखाने उभे राहत होते. तरी सगळ्यांचं भलं झालं असं नाही. माझ्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तिशीतच एकरकमी पैसे घेतले. सदनिका घेतली, गाडी घेतली, पैसे संपले, आणि परत खाणीत जायची वाट बंद. आता ते एका मॉलमध्ये पहारेकरी आहेत. ते सिलेसिया सिटी सेंटर जुन्या खाणीच्याच जागेवर उभं आहे, 2005 पासून. तिथला जुना शाफ्ट टॉवर तसाच ठेवलाय. 4 डिसेंबरला संत बार्बराचा दिवस असतो, त्या पहाटे खाणकामगारांचा बँड काळे गणवेश आणि पिसांच्या टोप्या घालून निकिशोव्येत्सच्या लाल विटांच्या वस्तीतून वाजवत जातो. हे गृहस्थ आजही त्यात तुतारी वाजवतात. गणवेश स्वतः इस्त्री करतात.

म्हणून आता 2021 ला सरकार आणि कामगार संघटनांचा जो करार झाला, त्यात शेवटची खाण 2049 ला बंद करायची असं ठरलंय. हवामानाच्या हिशोबाने ते फार उशिरा आहे आणि कार्बनच्या भावापुढे त्या खाणी तितकी वर्षं टिकतील असं मला वाटत नाही. पण त्या तारखेमागे वाउब्झिखची भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. कोळसा सोडणाऱ्या भागांसाठी युनियनने काढलेल्या न्याय्य संक्रमण निधीतला सगळ्यात मोठा वाटा पोलंडला मिळालाय. तो खाणीच्या गावापर्यंत वेळेत पोहोचतो का, इकडे माझं लक्ष असतं. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात आज किती घरं कोळशावर जेवतात ते मला माहीत आहे. आपल्याकडे देशाची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे, खाणी उद्याच बंद होणार नाहीत, पण ज्या दिवशी व्हायला लागतील त्या दिवशी आपल्याकडे बुझेकांच्या पॅकेजइतकं तरी काही तयार आहे का, हे आत्तापासून विचारायला हवं. वेकोलिच्या कायम कामगारांखेरीज ठेकेदाराची माणसं, ट्रकवाले, टपरीवाले हेही याच कोळशावर जगतात, आणि पॅकेज आलंच तर त्यांचं नाव कुठल्या यादीत असेल?

तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: खाणीतला रोजगार. पोलंडच्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाच्या वार्षिकांत तो मिळेल, जुनी वार्षिकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. कझाकस्तानसाठी पहिला तुकडा 1991 पासून धरा, आकडेमोड सरांनी सांगितलेल्याच कारणासाठी. पोलिश रकान्यांची नावं अडली तर पानाचा फोटो इथेच टाका, मी वाचून देतो.